धावती गाडी अचानक बंद, सेल्फ फिरतो पण स्पार्क नाही: तपास कुठून सुरू करायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१४ ची चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल. नागपूर ते बुटीबोरी रोजचं जाणं-येणं. ऊन तापायला लागल्यापासून दुपारी परत येताना वर्धा रोडवर गाडी चालता चालता खट्कन बंद पडते. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन धरत नाही. अर्धा-पाऊण तास बॉनेट उघडं ठेवलं की पहिल्या सेल्फला सुरू होते. गॅरेजमध्ये चारही प्लग बदलून झाले, एक कॉइल बदलली, पेट्रोल पंप खोलून साफ केला. एकदा गाडी बंद असतानाच रस्त्यावर प्लग काढून बघितला, तर स्पार्क नव्हता. गॅरेजात नेली की मात्र सगळं ठणठणीत. आता ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) बदलायचा सल्ला मिळालाय. बदलावा का?

नाही. ईसीएमवर आत्ता एक रुपयाही घालू नका. तुमच्या सांगण्यातच अर्धं निदान आहे. कॉइल चार आहेत आणि चारही एकाच क्षणी गप्प होतात. चार कॉइल एका वेळी जात नाहीत, चार प्लग तर नाहीतच. म्हणजे दोष चौघींना सामायिक असलेल्या कशात तरी आहे: त्यांना १२ व्होल्ट देणारी लाइन, त्यांचं अर्थिंग, कधी पेटायचं ते सांगणारा ईसीएम, किंवा इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळवणारा क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सर. तापल्यावर जातं आणि गार झाल्यावर येतं, यावरून माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर आणि दुसरा मेन रिलेवर, म्हणजे ईसीएमला वीज पोचवणाऱ्या स्विचवर. पण नुसत्या संशयावर पार्ट बदलायचे नाहीत. प्लग आणि कॉइल तसेच बदलले गेले आणि पैसे वाया गेले.

या बिघाडाची खरी अडचण ही आहे की गाडी गॅरेजात पोचेपर्यंत तो निघून गेलेला असतो. तो हजर असताना, म्हणजे गाडी रस्त्याच्या कडेला बंद उभी असताना, पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत केलेल्या चार तपासण्या गॅरेजातल्या दिवसभराच्या खटाटोपापेक्षा जास्त सांगून जातात. गार गाडीवर मल्टिमीटर लावून ‘सेन्सर बरोबर आहे’ म्हणणं या केसमध्ये निरर्थक आहे.

त्याचं कारण सेन्सरच्या बनावटीत आहे. दोन वायरीच्या क्रँक सेन्सरमध्ये केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, प्लॅस्टिकमध्ये घट्ट भरलेलं. वर्षानुवर्षं तापून-निवून ती तार एखाद्या जागी तुटते, पण तुटलेली टोकं गार असताना एकमेकांना टेकलेली राहतात. तापलं की प्लॅस्टिक फुगतं, टोकं सुटतात, सिग्नल बंद. तीन वायरीच्या हॉल सेन्सरमध्ये आतली चिप किंवा तिचा सोल्डर तापल्यावर दगा देतो. इंजिनचं पाणीच नव्वद अंशांच्या आसपास असतं आणि सेन्सर ब्लॉकला किंवा गिअरबॉक्सच्या हाउसिंगला चिकटून बसवलेला असतो. इंजिन बंद पडलं की पाणी फिरायचं थांबतं, समोरून येणारा वारा थांबतो आणि बॉनेटखालचं तापमान काही मिनिटं उलट वाढतं. नवतपात, बाहेर ४५ अंश असताना, ते उतरायला अर्धा-पाऊण तास लागणारच. तुमची गाडी नेमकी तेवढाच वेळ घेते.

गाडीत या वस्तू ठेवा: टेस्ट लॅम्प (शक्यतो एलईडीचा), साधा डिजिटल मल्टिमीटर, मोबाइलला जोडता येणारं ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर (ईसीएममधली माहिती आणि बिघाडाचे कोड दाखवणारं), एक जुना पण चांगला प्लग, हातभर वायर दोन्ही टोकांना चिमटे लावलेली, १० नंबरचा पाना, पाण्याची बाटली आणि जाड फडकं. भारतात बीएस-४ प्रदूषण मानकाच्या पेट्रोल गाड्यांना ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं, त्यामुळे तुमच्या गाडीत बहुधा स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असेल आणि हे अडॅप्टर चालेल.

गाडी बंद पडत असतानाच टॅकोमीटरकडे, म्हणजे इंजिनचे फेरे दाखवणाऱ्या काट्याकडे, बघायची सवय लावा. गाडी गिअरमध्ये पुढे सरकतेय, इंजिन चाकांमुळे फिरतंय, आणि तरी काटा एकदम शून्यावर पडला, तर ईसीएमला क्रँकचा सिग्नल मिळणं थांबलंय किंवा ईसीएमचीच वीज गेलीय. काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरला, आधी धक्के बसले, गाडी मागे ओढल्यासारखी झाली, तर पेट्रोलच्या बाजूला बघा. इग्निशनचा दोष बहुतेक वेळा काही न सांगता येतो.

कडेला घ्या, हॅझर्ड लाइट लावा, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक वर. मग चावी ऑन करा, सेल्फ मारू नका, आणि दोन गोष्टी बघा-ऐका. मीटरमध्ये चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला का? मागच्या सीटखालून पंपाचा दोन-तीन सेकंद गुणगुण आवाज आला का? दिवा लागलाच नाही तर ईसीएमला वीजच मिळत नाहीये. सेन्सर सोडा आणि थेट मेन रिले, फ्यूज आणि इग्निशन स्विचकडे जा. दिवा लागला आणि पंपही वाजला, तर ईसीएम जागा आहे. चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह भराभर लुकलुकत असेल तर इमोबिलायझरने चावी ओळखलेली नाही. दुसऱ्या चावीने बघा.

आता अडॅप्टर लावून ॲपमध्ये इंजिन आरपीएम (मिनिटाला फेरे) उघडा आणि पाच सेकंद सेल्फ मारा. स्वस्त अडॅप्टर आकडा सावकाश दाखवतात, म्हणून पूर्ण पाच सेकंद धरा. सेल्फवर इंजिन साधारण दोनशे-अडीचशे आरपीएमने फिरतं आणि तेवढा आकडा दिसला पाहिजे. इंजिन डोळ्यांदेखत फिरतंय आणि ॲपमध्ये शून्य, तर क्रँक सेन्सर, त्याची वायर किंवा त्याचा कनेक्टर. हा एक आकडा तुमचा तपास दोन भागांत कापतो, म्हणून तो स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि मेकॅनिकला दाखवा.

कोड दिसला तर उत्तम. पी ०३३५ हा क्रँक सेन्सरच्या सर्किटचा, पी ०३४० कॅम सेन्सरचा, पी ०३५१ पासून पुढचे एकेका कॉइलचे. पण कोड नाही म्हणजे सेन्सर चांगला, असं समजू नका. क्रँकचा सिग्नल पूर्ण गेला की काही ईसीएम इंजिन थांबलंय असंच धरतात आणि थांबलेल्या इंजिनाबद्दल तक्रार नोंदवत नाहीत.

अडॅप्टर नसेल तर प्लगच सांगतो. आठ-दहा सेकंद सेल्फ मारून एक प्लग काढा. ओला असेल, पेट्रोलचा वास येत असेल, तर इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) चालू आहेत आणि फक्त स्पार्क गेलाय: कॉइलची लाइन बघा. कोरडा ठणठणीत असेल, तर स्पार्क आणि पेट्रोल दोन्ही एकदम गेलेत, आणि ती दोन्ही कामं ईसीएम क्रँकच्या सिग्नलवरच करतो. गरम इंजिनात पेट्रोल लवकर उडतं, त्यामुळे प्लग काढल्या काढल्या वास घ्या. इंजेक्टरच्या कनेक्टरमध्ये लावायचा छोटा दिवा मिळतो, तो असेल तर हा घोळच नको.

स्पार्क बघण्याची पद्धत नीट पाळा, कारण इथे माणसाला आणि गाडीला दोघांना इजा होते. इंजेक्टरचे चारही कनेक्टर काढा. एलपीजी किंवा सीएनजीचं किट असेल तर टाकीचा व्हॉल्व्ह हाताने बंद करा. एक कॉइल काढून तिच्यात जुना प्लग बसवा, प्लगचं लोखंडी अंग चिमट्याच्या वायरने इंजिन ब्लॉकला पक्कं जोडा आणि प्लग सिलिंडरच्या उघड्या भोकापासून लांब ठेवा. त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. कॉइल हातात धरू नका, तिथे वीस ते चाळीस हजार व्होल्ट तयार होतात. आणि कॉइल प्लगशिवाय मोकळी ठेवून सेल्फ कधीही मारू नका: करंटला जायला वाट मिळाली नाही की तो कॉइलचं इन्सुलेशन फोडतो. तीन-चार सेकंद सेल्फ पुरे. निळसर-पांढरा, कडकड वाजणारा स्पार्क चांगला. बारीक, नारंगी, चुकतमाकत पडणारा कमजोर. उघड्या हवेत स्पार्क पडला म्हणजे सिलिंडरच्या दाबाखालीही पडेल असं नाही, म्हणून रुंद गॅपचा स्पार्क टेस्टर मिळाला तर तोच वापरा.

आरपीएम शून्य आला असेल तर जागेवरच सेन्सरची परीक्षा होते. क्रँक सेन्सर कुठे आहे ते घरीच, गार गाडीवर शोधून ठेवा: बहुतेक वेळा क्रँक पुलीजवळ, नाहीतर क्लच हाउसिंगवर फ्लायव्हीलच्या दातांसमोर. गाडी बंद पडली की चावी पूर्ण ऑफ करा, फडकं पाण्यात भिजवून पिळा आणि सेन्सरवर दोन-तीन मिनिटं दाबून ठेवा. पाणी ओतू नका, शेजारी सायलेन्सर तापलेला असतो. सेन्सर खालून हाताला येणारा असेल तर नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरू नका, हा प्रयोग गॅरेजात करा. अर्धा-पाऊण तास घेणारी गाडी ओल्या फडक्यानं पाच मिनिटांत सुरू झाली, तर दोष सापडल्यात जमा आहे.

गॅरेजात हेच उलट करतात. गाडी चालू ठेवून हेअर ड्रायरने सेन्सर तापवायचा, बंद पडते का बघायचं. हीट गन वापरायची तर लांबून, नाहीतर चांगला कनेक्टरही वितळेल. दोन वायरीचा सेन्सर असेल तर कनेक्टर काढून रेझिस्टन्स मोजा; गाडीनुसार तो काहीशे ओहमपासून दीड-दोन हजारांपर्यंत असतो, नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या. आपल्याला महत्त्वाचं काय, तर तापवल्यावर तो आकडा उडून सर्किट ओपन होतं का. मग मीटर एसी व्होल्टवर ठेवून सेल्फ मारा, अर्ध्या व्होल्टच्या वर काहीतरी दिसायला हवं. तीन वायरीच्या हॉल सेन्सरवर ओहम मीटर लावून काही कळत नाही. तिथे कनेक्टर जोडलेला ठेवून मागून बारीक पिनेने मोजायचं: एका वायरवर ५ किंवा १२ व्होल्ट, एकीवर पक्कं अर्थ, आणि पुलीचा बोल्ट पान्याने हळूहळू फिरवला की तिसरीवर व्होल्टेज वर-खाली उडी मारतं. ५ व्होल्टचा सप्लायच गायब असेल तर लगेच ईसीएमला दोष देऊ नका. त्याच ५ व्होल्टवर इतर सेन्सरही जगतात, त्यातला एक शॉर्ट झाला की सगळे मरतात. एकेकाचा कनेक्टर काढत जा. ज्याचा काढल्यावर व्होल्टेज परत आलं, तो गुन्हेगार.

सेन्सर बदलण्याआधी वायर तपासा. क्लचचं काम नुकतंच झालंय का, हे आधी आठवा. गिअरबॉक्स उतरवताना सेन्सरची वायर दाबली जाते, क्लिप तुटून ती सायलेन्सरला टेकते, कधी दातांची रिंग वाकते. गाडी चार दिवस उभी असेल तर उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बघा; चार सिलिंडरच्या कॉइलचा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हे त्यांचं आवडतं ठिकाण. इंजिन चालू ठेवून वायर हलवून बघितली की तुटकी जागा कळते. आणि गाडीला सीएनजी किंवा एलपीजी किट असेल तर हे विशेष लक्षात ठेवा: किटसोबतचा टायमिंग ॲडव्हान्सर (गॅसवर स्पार्क जरा लवकर पाडणारा डबा) अनेकदा क्रँक सेन्सरच्या मूळ वायरी कापून मध्ये बसवलेला असतो. तो बिघडला तर नवा सेन्सर टाकूनही आरपीएम शून्यच राहतो. तो बाजूला काढून मूळ वायरी आधी सरळ जोडा, मगच सेन्सरबद्दल बोला.

सेन्सर कंपनीचाच घ्या. बाजारातला अर्ध्या किमतीचा सेन्सर गार गाडीवर उत्तम चालतो आणि पहिल्या कडक दुपारी पुन्हा तेच दुखणं सुरू होतं. बसवताना जुन्याच्या टोकाला चिकटलेला लोखंडाचा चुरा, बसायची जागा आणि दात पुसा, नव्या ओ-रिंगला तेलाचं बोट लावा, हाताने दाबून बसवा, ठोकू नका. दात आणि सेन्सर यांच्यातलं अंतर साधारण अर्धा ते दीड मिलिमीटर असतं. वॉशर घालून ते वाढवायचं नाही. दोन वायरीच्या सेन्सरच्या वायरी उलट जोडल्या गेल्या तर टायमिंग चुकतं, म्हणून कनेक्टर कापून जोडणाऱ्याला थांबवा.

आरपीएम बरोबर दिसतोय आणि तरी स्पार्क नाही, असं निघालं तर कॉइलच्या कनेक्टरवर जा. चावी ऑन, एका पिनवर बॅटरीइतकं व्होल्टेज हवं, आणि सेल्फ मारतानाही ते दहाच्या खाली फार जायला नको. ते नसेल तर कॉइलचा फ्यूज दोन्ही टोकांना टेस्ट लॅम्प लावून बघा. डोळ्यांना चांगला दिसणारा फ्यूज आत तडकलेला असू शकतो. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर एखादी कॉइल आतून शॉर्ट आहे, चारही काढून एकेक जोडत जा. मेन रिले तापून सोडत असेल तर फ्यूज बॉक्समधल्या त्याच नंबरच्या हॉर्नच्या रिलेशी अदलाबदल करून बघा. याला फक्त दोन मिनिटं लागतात, तीही रस्त्यावरच. ईसीएमची अर्थ वायर मॅनिफोल्डला किंवा गिअरबॉक्सला बोल्ट केलेली असते. सेल्फ मारताना ती वायर आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तो सांधा खोलून घासा.

शोरूमबाहेर बसवलेली सेंट्रल लॉक-अलार्म सिस्टिम हा वेगळाच ताप आहे. तिचा इंजिन कट-ऑफ रिले डॅशबोर्डखाली इग्निशनची वायर कापून, टेप गुंडाळून जोडलेला असतो. नागपूरच्या उन्हात उभ्या गाडीच्या केबिनमध्ये तो टेप विरघळतो, सांधा ढिला होतो, आणि गाडी खड्ड्यात आदळली की बंद. असा रिले असेल तर तो कायमचा काढून मूळ वायर सोल्डर करा आणि वर हीट श्रिंक चढवा. चावी नुसती हलवल्यावर मीटरचे दिवे लुकलुकत असतील तर इग्निशन स्विच झिजलाय. जड किचेन त्याला अजून लवकर खातो.

डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे आपल्याकडे डेल्को म्हणतात त्या जुन्या गाड्यांबद्दलही बरेच विचारतात, तर त्यासाठी एवढं पुरे. कॉइलच्या निगेटिव्ह टोकाला बल्बचा टेस्ट लॅम्प लावून सेल्फ मारा. लॅम्प लुकलुकला तर प्रायमरी बाजू चालू आहे, दोष कॉइलच्या सेकंडरीत, मधल्या वायरीत, रोटरमध्ये किंवा कॅपमध्ये. नुसताच स्थिर पेटून राहिला तर इग्नायटर किंवा पिकअप काम करत नाही. पॉझिटिव्हवर १२ व्होल्ट आणि निगेटिव्हवर शून्य, तर कॉइलची प्रायमरी तुटलेली. रोटर फुटलाय का हे बघायला कॅप काढा, कॉइलची मधली वायर इन्सुलेटेड पकडीने रोटरच्या मध्यावर थोडी वर धरा आणि सेल्फ मारा: स्पार्क रोटरवर उडी मारत असेल तर करंट रोटरमधून शाफ्टला गळतोय. पावसाळ्यात कॅपच्या आत केसासारखी काळी रेघ दिसली तर ती पुसू नका, कॅप बदला. आणि कॅप काढलेली असताना सेल्फवर रोटर फिरतच नसेल, तर टायमिंग बेल्ट तुटलाय. अशा वेळी सेल्फ नेहमीपेक्षा हलका आणि भराभर फिरतो. तिथेच थांबा, पुन्हा सेल्फ मारू नका, काही इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. तुमच्या गाडीत बेल्ट किंवा चेन तुटलेली नाही, कारण तुटलेली वस्तू गार होऊन जुळत नाही.

ईसीएम सगळ्यात शेवटी. त्याला वीज आहे, अर्थ आहे, क्रँकचा सिग्नल पोचतोय, इमोबिलायझर मोकळा आहे, आणि तरी चारही कॉइलच्या ट्रिगर वायरवर सेल्फ मारताना काहीच येत नाही, एवढं सगळं बिघाड हजर असताना सिद्ध झालं तरच तो उघडायचा.

दुरुस्तीनंतर गाडी लगेच ‘झाली’ म्हणून घेऊन जाऊ नका. जुने कोड पुसा. दुपारी एसी लावून उभ्या गाडीवर इंजिन चालू ठेवा, रेडिएटरचा पंखा किमान दोनदा येऊन जाऊ द्या. मग बंद करा, बॉनेट न उघडता दहा-पंधरा मिनिटं थांबा, म्हणजे आतली उष्णता सेन्सरपर्यंत नीट चढेल, आणि तेव्हा सेल्फ मारा. ताबडतोब धरली तर बुटीबोरीपर्यंत एक फेरी मारा, येताना आरपीएमचा आकडा ॲपमध्ये नोंदवत ठेवा. काटा मध्येच क्षणभर शून्याला टेकून परत आला असेल तर नोंदीत दिसेल, आणि मग वायर अजून कुठेतरी सुटतेय असं समजून हार्नेस सेन्सरपासून ईसीएमपर्यंत पूर्ण बघायला सांगा.